चौथा पाय

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी घरात जाहीर केलं, आता लाकडाचं नक्षीकाम करणार. बायको म्हणाली, "आधी न्हाणीच्या दाराची कडी बसवा." कडी राहिली. पण अमरावतीच्या आमच्या घरामागं टिनाचं शेड उभं राहिलं आणि त्यात दोऱ्यासारख्या पातळ पात्याची, विजेवरची नक्षीची करवत आली. बटण दाबलं की तिच्यासोबत सगळं शेड थरथरायचं. मी कौतुकानं बघायचो. मशीन म्हटलं की एवढं चालायचंच!

मग अकोल्याहून मोठी बहीण आली. सोबत आईच्या सागवानी पेटीचं झाकण. पेटी वाळवीनं खाल्ली, एवढंच वाचलं होतं. नव्या घराला ती आईचं नाव देणार होती.

"अक्षरं याच्यातूनच काप. अन् बिघडवलं त मले तोंड दाखवू नको."

झाकण एकच. चुकायला जागा नाही, आणि मी तर चुकतमाकतच पन्नाशी गाठलेला माणूस.

आधी प्लायवर सराव केला. चार अक्षरांत तीन पाती तुटली. नाव असं उमटलं, जणू सेमाडोहच्या जंगलातल्या अस्वलानं नखानं लिहिलं. करवतीच्या स्टँडचा एक पाय हलत होता, त्याखाली पुठ्ठा घातला. काही दिवसांनी दुसराच हलायला लागला. शेवटी चारही पायांखाली गोधडी घातली, तर थरथरणारी करवत डुलायला लागली. बायको दारातून म्हणाली, "झोपवून राहिले का तिले?"

त्याच आठवड्यात अकोटहून सासरे आले. त्यांची उमेदीची सारी वर्षं तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरकीत गेलेली. करवत घेताना मी त्यांना विचारलं नव्हतं, म्हणून शेडकडं फिरकू देणार नव्हतो. पण आवाजानं त्यांना बरोबर ओढून आणलं.

त्यांनी ती चालू करायला लावली. तळहात आधी मशीनवर ठेवला, मग स्टँडवर, मग खाली बसून जमिनीवर.

"जवाई, कोबा टाकाच्या आधी काळी माती काढली होती?"

"नाही, मामाजी."

"मुरूम भरला?"

"शेडच तर आहे म्हटलं..."

"वऱ्हाडातच जलमले ना तुमी?"

आमच्याकडं काळी माती उपसून मुरूम भरल्याशिवाय कोणी साधा ओटाही बांधत नाही. ही माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, आणि वरचा कोबा आज इकडून उचलते, उद्या तिकडून. मुरमाची एक ट्रॉली वाचवून मी स्वतःला हुशार समजत होतो.

"आता सगळं खोदायचं?"

"काहून? एक पाय कमी करा."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"चार पाय असले की एक रुसतेच. तिघाईले रुसता येत नाई. जमीन कशीबी होवो, तीन टेकतेतच."

दोघांनी मिळून मागचे दोन पाय काढून मधोमध एकच बसवला. खालच्या फळीवर रेतीची दोन पोती ठेवली. मशीनच्या बुडाखाली ट्रकच्या टायरचे कडक तुकडे घातले. "रबर पायजे, गादी नाई पायजे," असं म्हणत त्यांनी गोधडी लेकीकडं परत दिली. पातं ताणून नखानं छेडलं तेव्हा ते स्वच्छ वाजलं. कळ फिरवून वेगही त्यांनीच कमी केला.

तरी झाकण हातात घेऊन मी उभाच.

"मामाजी, हात थरथरून राहिला."

"हाताले रेतीचं पोतं बांधता येत नाई मले. चहा घ्या अन् कापा."

कापताना ते शेजारी स्टुलावर बसून राहिले. शेवटच्या अक्षराची वेलांटी वळली तेव्हा मी श्वास सोडला. पातं शाबूत, सागवान शाबूत.

अक्षरं घेऊन मी आणि सासरे अकोल्याला गेलो. बहिणीनं प्रत्येक अक्षराच्या कडेवरून बोट फिरवलं. खोट सापडली नाही. मग पुसण्यासारखं काही नसताना तिनं ती अक्षरं पदरानं पुसली.

"एवढं बारीक काम याले जमलं?" तिनं माझ्या सासऱ्यांना विचारलं.

ते दाराशेजारच्या भिंतीवर खिळ्यांच्या खुणा करत होते. मागं न बघता म्हणाले, "त्याहीचंच हाय. म्या फक्त चहा पेलो."

जन्मभर कुणाची भीड न ठेवणारा माणूस माझ्यासाठी इतकं सहज खोटं बोलला, आणि मी गप्प राहिलो. म्हणून हे लिहितोय.