पोकलेनचा हात

करमाडला आमच्या घरासमोर पाइपलाइनची नाली खोदायला पोकलेन आलं, तेव्हा धाकट्या जावेची दोन्ही लेकरं शाळा सुटली की ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसायची. मला मूल नाही. तिला दोन, शिवाय ती बारावी पास, बोलायला धीट. दुपारी ती शिलाईच्या क्लासला जायची, म्हणून तेवढा वेळ लेकरं माझी.

"मोठी आई, त्याला एवढी ताकद कुठून येती?" धाकट्यानं विचारलं.

मी माझाच हात पुढं केला. हा खांदा, हे कोपर, हे मनगट, आणि ही ओंजळ म्हणजे त्याचं मातीचं खोरं.

"पण त्याच्या हातात कुठं जीव हाय?" पोरगी म्हणाली.

मग मी आतून चकलीचा सोऱ्या आणला. "ह्यात आपण दांडा दाबतो, पीठ पुढं जातं. तिथं उलटं. नळीतून तेल जोरात येतं अन् तेच दांड्याला ढकलतं. दांडा सरकला की हात हलतो."

दोघांनी सोऱ्या आळीपाळीनं दाबून पाहिला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

रविवारी जाऊ घरी होती. पोकलेन चालवणारे बिडकीनचे चाचा चहाला थांबले, तर ही सरळ म्हणाली, "चाचा, लेकरांना वर बसवता का?"

"आओ ना भाभी, तुम्हीबी बसा."

आणि ती बसली! पदर खोचून, धाकट्याला मांडीवर घेऊन. पोरगी बाजूला उभी.

"ताई, या की तुम्हीबी!"

मी मानेनंच नको म्हटलं. ओट्यावर सासरे होते, समोर कामावरची सगळी माणसं.

तेवढ्यात धाकटा वरून ओरडला, "मोठी आई, तेलाचा दांडा कोणता गं? मम्मीला सांग!"

मला दिसत होता. पण सासऱ्यांदेखत ओरडून कसं सांगायचं? मी नुसतं बोट केलं, ते त्याला कळलं नाही.

"राहू दे रे, ताईंचा आवाज चुलीपुढंच निघतो," जाऊ म्हणाली. सगळे हसले.

लेकरानं तोंड फिरवून चाचांना विचारलं. चाचांनी दाखवलं. मग जावेनं तेच मोठ्यानं समजावून सांगितलं, आणि दोघं तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

उतरल्यावर ती म्हणाली, "लई मज्जा आली. यायचं होतं तुम्ही."

"पाय दुखतोय," मी म्हणाले.

पाय दुखत नव्हता. चाचांचा मला राग नाही. तिचा येतो, अजून येतो. लेकरं तर तिची होतीच. समजावून सांगणं तेवढं माझं होतं.