चोपड्याच्या बांधावरची माती

आई गेल्यावरचं तिचं पुण्यानुमोदन झालं आणि त्याच आठवड्यात मला चोपडा तालुक्यातल्या सर्वेक्षणावर हजर व्हायचं होतं. आमचं घर धुळ्याला, देवपुरात. घरी आता बाबा एकटेच राहणार होते. ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यापासून ते समोरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहत आणि टीव्ही लावत नसत. मी एकुलती एक. माझ्या नोकरीच्या गावी चला म्हटलं की ते "पाहू" एवढंच म्हणत. शेवटी मी म्हटलं, "निदान चोपड्याला तरी चला. दिवसा जीपमध्ये बसायचं, संध्याकाळी लॉजवर." त्यांनी नाही म्हटलं नाही. माझ्या साहेबांना फोन करून विचारलं, त्यांचीही हरकत नव्हती.

अमळनेर मागे पडल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तिथे करायचं काय असतं तुला?"

मी जिवाणूंचं काम करते हे त्यांना माहीत होतं, पण जिवाणू म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर दवाखाना येई. मी सांगितलं, खान्देशात काळ्या मातीखाली काळा दगड आहे, पार खोलवर. त्या दगडाच्याही खाली जुन्या समुद्राचा गाळ असावा आणि त्या गाळात कुठे तेल किंवा वायू साठलेला असावा, असा अंदाज आहे. दगड फोडून बघायचं तर खर्च फार. पण असा साठा असला तर त्यातला वायू दगडाच्या बारीक चिरांमधून वर झिरपतो. अगदी थोडा, नाकाला कळणार नाही एवढा. मातीतले काही जिवाणू त्या वायूवर जगतात. जिथे असे जिवाणू जास्त, तिथे खाली काहीतरी असण्याची शक्यता जास्त.

"साखर सांडली की मुंग्या येतात, तसं?"

"साधारण तसंच. मुंग्या दिसतात, हे दिसत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवून मोजावे लागतात."

"आणि काही नसलं तर?"

"तर तसं लिहून द्यायचं."

यावर ते बाहेर केळीच्या बागांकडे बघत राहिले.

काम साधं आणि कंटाळवाणं होतं. नकाशावर ठरवून दिलेले बिंदू असत. जीपीएस घेऊन त्या जागी जायचं, हातानं फिरवायच्या गिरमिटानं माणूस कमरेपर्यंत उभा राहील एवढं खोल भोक पाडायचं आणि तळाची माती निर्जंतुक पिशवीत भरून बर्फाच्या पेटीत ठेवायची. गिरमिट फिरवायला गावातलेच दोघे मजूर होते. माझ्या हातात मोजे, तोंडाला मास्क. प्रत्येक भोकानंतर गिरमिटाचं पातं पाण्यानं धुवायचं आणि स्पिरिटनं पुसायचं. डिझेलचं इंजिन, उकिरडा, पेट्रोलपंप यांच्या जवळची माती घ्यायची नाही.

पहिले दोन दिवस बाबा जीपमधून उतरलेच नाहीत. नंतर एका शेतकऱ्यानं आम्हाला अडवलं आणि जमीन घेणार का म्हणून वाद घालू लागला, तेव्हा ते खाली आले. त्यांनी काही समजावलं नाही. त्याचं गाव विचारलं, त्या गावाला मुक्कामी गाडी असायची तिचा ड्रायव्हर कोण ते विचारलं, आणि दोघं बांधावर बसले. तेवढ्या वेळात माझी माती भरून झाली. तेव्हापासून ते माझ्या पुढे चालू लागले. लोक त्यांना नाना म्हणत. मी मागून पेटी घेऊन जायचे.

सातपुड्याच्या पायथ्याकडचं एक गाव होतं, तिथला बिंदू नेमका दोन शेतांच्या बांधावर पडला. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला वेचून झालेला कापूस. दोन्ही शेतं सख्ख्या भावांची होती आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावर पूर्वी कडुनिंबाचं मोठं झाड होतं. केळीला सावली पडते म्हणून धाकट्यानं ते तोडलं, थोरल्याला न विचारता. थोरला दुपारी त्याच झाडाखाली बसायचा.

बांधावर भोक पाडता येईना, झाडाची मुळं आत तशीच होती. बिंदू थोडा इकडेतिकडे सरकवायची मुभा असते. थोरला कापसाच्या शेतात उभा होता, त्याला मी विचारलं.

"मना वावरमा खड्डा करानं काही काम नही," तो म्हणाला. माझ्या शेतात खड्डा करायचं काम नाही.

बाबांनी त्याच्याशी बोलून पाहिलं. तो ऐकून घेत होता, पण मान हलत नव्हती. मग मी केळीच्या बाजूला गेले. धाकट्यानं ठिबकच्या नळ्या स्वतः बाजूला केल्या आणि घ्या म्हणाला. आम्ही तिथून माती घेतली. थोरला शेवटपर्यंत तिथेच उभा राहून बघत होता.

त्याच दिवशी आणखी काही बिंदू उरकून आम्ही शेवटच्या जागी थांबलो तेव्हा मी पातं पुसायला हातात घेतलं. कोपऱ्यात, वळणाच्या आत, स्पिरिटच्या वासाखाली मला दुसरा वास आला. मी मास्क काढून पुन्हा हुंगलं.

"याला डिझेल कुणी लावलं?"

मजूर एकमेकांकडे बघू लागले. बाबा म्हणाले, "काल संध्याकाळी मीच पुसलं. गंज चढत होता. डेपोत सगळं डिझेलनंच पुसायचे."

लॉजवर परतल्यावर त्यांनी जीपच्या ड्रायव्हरकडून थोडं डिझेल मागून घेतलं होतं. मी खोलीत पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, मला कळलं नव्हतं. पातं सकाळी खूप चकचकीत दिसत होतं, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

मी त्यांना रागावले नाही. त्या दिवसाच्या पिशव्या पेटीतून काढल्या, बाजूला ठेवल्या आणि मजुरांना सांगितलं की उद्या हेच सगळे बिंदू पुन्हा करायचे. ड्रायव्हरनं विचारलं, एवढ्याशा डिझेलनं काय होतं? मी म्हटलं, आपण जे शोधतोय तेच आपण आपल्या हातानं मातीत घातलं, मग आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? बाबा हे ऐकत होते. परतताना ते मागच्या सीटवर बसले, रोज पुढे बसायचे. जेवायला या म्हटलं तर भूक नाही म्हणाले.

मी एकटी जेवून वर आले. ते खाटेवर बसले होते.

"मला सोमवारच्या गाडीत बसवून दे," ते म्हणाले. "तुझ्या कामात माझी अडचण होते."

"अडचण नाही. उद्या तुम्ही आलात तर बरं होईल. लोक तुमच्याशी बोलतात, माझ्याशी नाही बोलत."

"तुझी आई म्हणायची, विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका."

आईचं नाव त्यांनी महिन्याभरात काढलं नव्हतं.  मी त्यांच्यासाठी खालून दूध आणि बिस्किटं आणली, ती त्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सोबत आणलेलं दुसरं, न वापरलेलं गिरमिट घेऊन आम्ही पुन्हा बांधावर गेलो. मजुरांकडून बातमी तोपर्यंत गावात फिरली होती, आणि फिरता फिरता बदलली होती. काल घेतलेल्या मातीत डिझेल निघालं, असं लोक म्हणत होते. केळीच्या शेतात दहाबारा माणसं जमली होती. धाकट्या भावानं भोकाभोवती काट्या लावून ठेवल्या होत्या. थोरलाही आला होता. तो मला सोडून बाबांकडे गेला.

"बठ्ठं गाव म्हनी राह्यनं, आठे तेल शे. खरं शे का, नाना?"

सगळं गाव म्हणतंय इथे तेल आहे, ते खरं का, असं तो विचारत होता. बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

"नही," ते म्हणाले. "ते डिझेल मी लावलं होतं. लोखंडाला. गंजू नये म्हणून. माझी चूक झाली, म्हणून माझ्या पोरीला पुन्हा यावं लागलं."

"हाई तुमनी पोर शे?"

"हो."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. बाबांना राग आला नसावा, कारण तेही थोडे हसले. आई गेल्यानंतर मी ते पहिल्यांदाच पाहिलं. गर्दी हळूहळू पांगली. धाकट्यानं काट्या उपटल्या. तो ओशाळला होता, की त्याचा हिरमोड झाला होता, मला सांगता येणार नाही.

कालच्या भोकाजवळची माती आता चालणार नव्हती. मी दुसऱ्या जागा बघत होते तेवढ्यात थोरला म्हणाला, "यावखत मना वावरमाईन ल्या." या वेळी माझ्या शेतातून घ्या. त्यानं ते भावाकडे न बघता म्हटलं. मजूर खाली वाकले तेव्हा त्यानं स्वतः गिरमिटाच्या दांड्याला हात लावला. माझ्या सांगण्यावरून मोजे घातले, कुरकुर केली नाही. माती निघाली तेव्हा त्यानं वाकून पाहिली. काळी, ओलसर, नेहमीसारखीच.

"यामा काही दिसत नही," तो म्हणाला.

"आता नाही दिसणार," मी म्हटलं.

धाकटा बांधाच्या त्याच्या बाजूला उभा राहून सगळं बघत होता. जाताना त्यानं आम्हाला केळी दिली, जीपमध्ये मावेनात एवढी. ती आम्ही लॉजच्या मालकाला दिली.

काम आणखी काही दिवस चाललं. मग मी पेट्या घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि बाबा धुळ्याला. मातीचं पातळ द्रावण करून ते काचेच्या बशांवर पसरायचं, बशा प्रोपेन वायू भरलेल्या बंद भांड्यात ठेवायच्या आणि वाट बघायची. प्रोपेन यासाठी, की मिथेन शेणातूनही येतो, दलदलीतूनही येतो, प्रोपेन तसा येत नाही. प्रोपेनवर वाढले ते पांढुरके ठिपके मोजायचे. नकाशावर आकडे चढवले की कुठे ठिपके दाट, कुठे विरळ, ते दिसतं. अहवाल बंद पाकिटात, ज्या कंपनीचं काम होतं तिच्याकडे गेला. बांधाच्या त्या बिंदूचा आकडा मला माहीत आहे. तो सांगायची परवानगी तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

बाबांनी फोनवर एकदाच विचारलं, "त्या भावांच्या शेताचं काय निघालं?"

"सांगता येत नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा विचारलं नाही. ते माझ्याकडे राहायला आले नाहीत. संध्याकाळी डेपोजवळच्या कट्ट्यावर जुन्या सोबत्यांमध्ये बसतात, असं शेजारच्या काकूंनी मला कळवलं.

पुढच्या उन्हाळ्यात थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. त्याच्याकडे बाबांचा नंबर होता, हे मला त्या वेळी कळलं. बाबा एसटीनं एकटेच चोपड्याला जाऊन आले. मी विचारलं, धाकटा आला होता का? आला होता, ते म्हणाले, पंगतीत पाणी वाढत होता. दोघं बोलले का? ते त्यांनी पाहिलं नव्हतं. जेवण चांगलं होतं आणि परतीच्या गाडीला फार गर्दी होती, एवढंच त्यांनी सांगितलं.