चार वाजता काढलेली वायर

आजोबा गेल्याचं मी तुमच्या बाबाला फोनवर सांगत होते, तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात मॉनिटरची वायर होती. त्या सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधीच मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून ती बाहेर काढली होती, कारण आदल्या दिवशी तसं कबूल केलं होतं. ती हातात घेऊनच त्यांना उठवायला गेले… आता दीड महिना झाला. तुम्हा नातवंडांना तेव्हा येता आलं नाही, म्हणून त्या वायरीची हकीकत क्रमानं लिहून ठेवते; बाबा वाचून दाखवेल.

आजोबांची नजर वर्षभरात फार उतरली होती. चष्मा बदलून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गेल्या दिवाळीत तुमच्या बाबानं त्याचा जुना लॅपटॉप इथे अकोले गावी आणून दिला, पण त्याचा पडदा वहीएवढा आणि फिकट. आजोबांना त्यावर अक्षरांच्या जागी मुंग्या दिसत. त्याला बाहेरून मोठा मॉनिटर जोडता येतो हे कळल्यावर ते थेट नगरला गेले आणि बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून तो बोजड मॉनिटर घेऊन आले. एसटीत आणि पुढे जीपमध्येही गोधडीत गुंडाळून मांडीवरच. जीपवाला बबन उतरवून देताना म्हणाला, “गुर्जी, टीव्ही घेतला व्हय?”

“टीव्ही नाही रे, चष्मा आहे माझा.”

“मंग लई मोठा नंबर लागला म्हना की!”

आजोबा इतके हसले, की मॉनिटर उंबऱ्यातच खाली ठेवावा लागला.

पहिल्याच दिवशी त्यांनी वायरीचं टोक लॅपटॉपच्या मागे उलटं दाबलं आणि आतली एक बारीक पिन वाकवली. मी क्रोशाच्या सुईनं ती सरळ केली. “आता हे खातं तुझं,” ते म्हणाले. तेव्हापासून जोडणं माझ्याकडे. टोकाची रुंद बाजू वर, दोन्ही स्क्रू घट्ट, आधी मॉनिटर सुरू, मग लॅपटॉप. शेवटी कोपऱ्यातलं बटण दाबून धरायचं आणि पडद्याचं चित्र असलेलं दुसरं बटण एकदा दाबायचं, की मजकूर मोठ्या काचेवर. तो उमटला की आजोबा दरवेळी “आलं!” म्हणत, गाडी फलाटाला लागल्यासारखं.

काढणंही माझ्याकडेच होतं. रोज चार वाजता वायर सोडवायची, गुंडाळून डब्यात ठेवायची, मॉनिटरवर भरतकामाचा रुमाल घालायचा. “राहू दे ना गं जोडलेली, ती काय खायला मागते का?” ते म्हणत. पण पसारा मला बघवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

ते तुम्हाला पत्र लिहीत होते. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, तुम्हाला वाचता यावं म्हणून. डोंगरातली त्यांची वाडी, भाताची खाचरं, शाळेची तीन मैल वाट, सगळं. आईचं मात्र त्यांनी मागे ठेवलं होतं. त्यांची आई ते चौदा वर्षांचे असताना गेली. तिचा एकही फोटो नाही. मीही सासूबाईंना पाहिलेलं नाही. “तिचा चेहरा आता फक्त माझ्या डोक्यात आहे,” ते म्हणाले होते, “डोळे आहेत तोवर उतरवून ठेवतो.”

त्या दुपारी ते टंकता टंकता थांबले. थकलेले दिसत होते. “जरा पडतो,” म्हणाले. चार वाजले आणि मी वायर काढली. पाचला ते उठून आले, खुर्चीत बसले, रुमालावरून हात फिरवला.

“जोडतेस का जरा? आईचं लिहायला घेतलंय.”

“अहो, आत्ताच तर आवरलं. उद्या सकाळी सगळ्यात आधी जोडून देते.”

“बरं,” ते म्हणाले. रागावले नाहीत. खुर्चीत तसेच बसून राहिले, बंद मॉनिटरसमोर… मी मेथी निवडत होते. जोडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

तेरावा झाल्यावर तुमचा बाबा लॅपटॉप परत न्यायचा का, विचारत होता. नको म्हटलं. तुमच्या पत्राची फ्लॉपी तेवढी त्याच्याबरोबर दिली आहे.

इथे वायर आता जोडलेलीच असते. रुमाल मी कपाटात ठेवून दिला. चार वाजतात, हात आपोआप स्क्रूपाशी जातात आणि मी ते घट्ट आहेत ना एवढंच बघते. रोज सकाळी आधी मॉनिटर, मग लॅपटॉप. अक्षरं त्यांना दिसतील एवढी मोठी आहेत, ती मी लहान केलेली नाहीत. पत्राच्या तळाशी जाते. तिथे तीनच शब्द आहेत, ‘माझी आई दिसायला’, आणि त्यांच्यापुढे ती उभी रेघ लुकलुकत असते.