पुरोहिताचा गाल

माणसाच्या गालात तीन हजार वर्षांचा इतिहास साठवलेला असतो. हे मला दिल्लीत मयूर विहारहून सुटणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये, शेजारच्या सीटवर रोज बसणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं. ते कोकणातले ज्यू. पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी, ज्यूंच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवत. मुलीचं लग्न इस्रायलमध्ये ठरत होतं, पण मुलाच्या वडिलांना शंका होती: हे तेली खरे ज्यू कसे?

कुणी संशोधक यांच्या गालात कापसाची काडी फिरवून डीएनए तपासणीसाठी नमुना घेऊन गेले होते. निकाल आला त्या दिवशी यांनी अख्ख्या बसला पेढे वाटले. बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या प्राचीन ज्यू पुरोहितांच्या वंशाची खूण यांच्यात सापडली होती.

"बिल्कुल पक्कं," गालावर थाप मारत ते म्हणाले. "व्याह्यांना लगेच फोन लावला. म्हटलं, प्रार्थनेत पहिला मान आता आमचा. तुम्ही समोर उभं राहून आशीर्वाद घ्यायचा."

"मग?"

"मग काय साहेब, तारीख ठरली."

दिल्लीत भेटेल तो कुठल्यातरी राजाचा वंशज असतो, त्यामुळे मी नुसती मान डोलावून पेढा खाल्ला. लग्न थाटात झालं. पुढे व्याह्यांनी स्वतःचीही तपासणी करून घेतली. तिचा निकाल त्यांनी अजून कोणाला सांगितलेला नाही.