सहा नंबरचा बिल्ला

शंकर खोडे गेले, हे मला दुपारच्या चहाच्या वेळी कळलं. सकाळी छातीत जड वाटायला लागलं म्हणून त्यांना कंपनीच्या अॅम्ब्युलन्सनं नाशिकला पाठवलं होतं, आणि मी त्यांचा रजेचा अर्ज स्वतःच भरून ठेवत होते... दोन दिवस लिहावेत की चार, एवढाच विचार. तेवढ्यात फोन आला. अर्ज अर्धवटच राहिला. त्याला आता सहा आठवडे झाले.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंप बनवण्याचा कारखाना आहे. मी तिथे प्रशासन बघते. खोडे इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे सुपरवायझर होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. नाशिकच्या वेशीवर त्यांच्या भावांचा मळा आहे. सोमवारी नाना मेथीच्या दोन जुड्या आणायचे आणि एका शब्दानंही न सांगता माझ्या खुर्चीवर ठेवून जायचे. बोलणं कमी आणि हट्ट फार. त्या हट्टाचा मला कित्येकदा राग यायचा, हेही सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल सगळं गोड गोड लिहिणं मला जमत नाही.

कामगारांकडे इलेक्ट्रिक दुचाकी गाड्या यायला लागल्या तेव्हाची गोष्ट. पॅकिंगमध्ये पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर तीन बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या नानांना सापडल्या. वायर चटका बसेल इतकी तापलेली. मी त्याच दिवशी बंदीचं परिपत्रक काढलं आणि विषय मिटला असं समजले. नाना ते परिपत्रक घेऊनच माझ्याकडे आले. "म्याडम, हे लावा खुशाल. लोक दुसरा कोपरा शोधतील. असेंब्लीतली वंदना बघा. तिच्या शिफ्टला यष्टी नाय, गावात लाइटीचा भरोसा नाय. इथं चार्ज नाय केली तर ती घरी जाणार कशी?" मी परिपत्रक बाजूला ठेवलं आणि चार्जिंग पॉइंटच्या मंजुरीची फाइल उघडली.

वरच्या साहेबांनाही चार्जर हवाच होता, पण दर्शनी भागात, पाहुण्यांच्या गाड्यांशेजारी, फोटोत नीट येईल असा. खरं सांगायचं तर मीही त्याच बाजूची होते. नाना मीटिंगमध्ये एवढंच म्हणाले, "कारवाल्याच्या घरी पार्किंग हाय, प्लग हाय. ज्याच्या घरी नाय त्याचं आधी बघू." आणि मग महिनोन् महिने ते तेच म्हणत राहिले, अगदी शांतपणे, समोरचा कंटाळेपर्यंत. शेवटी मागच्या दुचाकींच्या शेडमध्ये चार्जिंगचे सहा पॉइंट झाले. वेगळी केबल, वेगळं अर्थिंग, प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र ब्रेकर. नानांनी अर्थिंगचा खड्डा तीनदा मोजायला लावला तेव्हा कंत्राटदार माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आला होता.

पॉइंट सहा आणि गाड्या वीसच्या वर, म्हणजे भांडणं आलीच. तुझी झाली, माझी लाव, माझा प्लग कोणी काढला... त्यावर नानांनी काढलेला उपाय त्यांच्या कामातलाच होता. वायरमन लाइनवर काम करताना बंद केलेल्या ब्रेकरवर आपली पाटी अडकवतो, आणि ती ज्यानं अडकवली त्यानंच काढायची असते. पूर्वी हजेरीला नंबर कोरलेले पितळी बिल्ले होते. अंगठ्याचं मशिन आल्यापासून ते स्टोअरमध्ये गोणीत पडून होते. नानांनी ते चिंचेनं घासून घेतले, प्रत्येक गाडीवाल्याला त्याचा जुना नंबर दिला आणि पॉइंटवर एकेक हूक मारला. बिल्ला अडकवला की पॉइंट तुमचा. काम झालं की बिल्ला काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही.

तो नियम मोडला मीच. एकदा वंदना शिफ्टला आली तर पाच पॉइंटवर गाड्या, आणि सहाव्यावर नुसताच बिल्ला. गाडी नाही, माणूस नाही. कोणीतरी विसरून गेला असणार, असं म्हणून मी बिल्ला काढला, ब्रेकर वर केला आणि तिला म्हटलं, लाव. प्लगला वीज आली नाही. शेडच्या मागून नाना आले, हातात पकड. बिल्ला त्यांचाच होता; ते त्याच पॉइंटची वायर बदलत होते. मुख्य स्विच बंद करून त्याला त्यांनी स्वतःचं कुलूप घातलं होतं म्हणून ते वाचले. मी घाईनं ब्रेकर खाली ओढला. नाना चिडले नाहीत. बिल्ला माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "म्याडम, बिल्ला म्हंजे माणूस. बिल्ला लटकतोय तवर माणूस आत हाय असं धरायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक रजिस्टर आणून दिलं. कोणाचा बिल्ला राहिलाच, तर तो फक्त मी काढायचा. आधी घरी फोन करायचा, मग सगळ्या आवारात फिरून माणूस नाही याची खात्री करायची, मग सही. ही मला शिक्षा होती की विश्वास, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

ते गेले त्या सकाळीही त्यांनी आपली इलेक्ट्रिक गाडी सहा नंबरच्या पॉइंटला लावून बिल्ला अडकवला होता. दोन दिवसांनी मुलगा येऊन गाडी घेऊन गेला. बिल्ल्याचं त्याला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी हात लावला नाही. पाच पॉइंटवर निभावत राहिले. मीही रोज बघत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते. गेल्या आठवड्यात वंदना केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. "म्याडम, काल पॉइंट नाय मिळाला, गाडी चढाला बंद पडली. दोन किलोमीटर ढकलत नेली. नानांचा बिल्ला आम्ही नाय काढणार. पण तुम्हाला येतो काढता."

मी नानांच्या घरी फोन लावला. वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढा. त्यांना नसतं आवडलं पॉइंट अडवून ठेवलेलं."

मग मी फिरायला निघाले. पॅनेल रूममध्ये गेले; त्यांचा चष्मा खिडकीत तसाच होता. ट्रान्सफॉर्मरच्या जाळीपाशी गेले, कँटीनच्या मागच्या बाकापाशी गेले, जिथे ते एकटे डबा खायचे. पॅकिंगमध्ये पुठ्ठ्यांच्या मागेही वाकून बघितलं. कशासाठी, ते मला विचारू नका. कोणी मला थांबवलं नाही. शेडमध्ये आले तेव्हा वंदना गाडी धरून उभी होती. मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: घरी फोन केला, आवारात फिरून पाहिलं, संबंधित व्यक्ती आवारात नाही.

सही केली आणि बिल्ला काढला. वंदनानं तिचा अडकवला. नानांचा आता माझ्या खुर्चीच्या पाठीला लटकतो, सोमवारी मेथीच्या जुड्या असायच्या त्या खुर्चीच्या. तो काढायचा नियम रजिस्टरमध्ये नाही.