ब्लॉकमधलं पाणी

माझ्या नवऱ्याला लग्नाचा वाढदिवस कधी लक्षात राहिला नाही, पण सात लिटरच्या अमेरिकन इंजिनात व्हॉल्व्हला किती फट ठेवायची हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. मी घरात यावरून भांडायचे आणि चारचौघांत याच गोष्टीचं कौतुक करायचे. आता भांडणही उरलं नाही आणि कौतुकही.

गाडी साठच्या दशकातली, अमेरिकन, नको तितकी लांब. नॉटिंगहॅमच्या आमच्या ड्राइव्हवर उभी केली की तिचं नाक फुटपाथवर यायचं, आणि शेजारीण बाळाची ढकलगाडी रस्त्यावर उतरवून आमच्याकडे बघत बघत पुढे जायची. नवरा आणि भावजी यांनी ती भागीदारीत घेतली होती. भावजी म्हणजे नवऱ्याचा सगळ्यात जुना मित्र. मुंबईचे मराठी बोलणारे ज्यू, राहायला लंडनच्या ईलिंगला. त्यांची मुलं इंग्रजीतच वाढली आणि बायको गेल्यापासून त्यांच्या घरात मराठीचा शब्द उरला नव्हता. "वहिनी, तुम्हाला वाटतं मी इंजिनासाठी येतो," ते म्हणायचे, "पण निम्मा तर तुमच्या नवऱ्याच्या शिव्या खायला येतो. लंडनमध्ये मला मराठीत शिव्या कोण देणार?"

शर्यती व्हायच्या त्या युद्धाच्या काळातल्या एका जुन्या धावपट्टीवर. दोन गाड्या शेजारीशेजारी, पाव मैल सरळ रस्ता, हिरवा दिवा लागला की सुटायचं. मी फ्लास्कमधून चहा ओतून वर बघेपर्यंत सगळं संपलेलं असायचं. सुरुवातीला मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. मग कधीतरी त्या इंजिनाचा आवाज माझ्याही अंगात भिनला. उभं असताना ते नीट चालायचंच नाही. खोकल्याची उबळ आवरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं अडखळत धडधडायचं. आणि पाय दाबला की असं काही गरजायचं की खुर्चीखालची जमीन हलायची. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं, का ते आजही सांगता येणार नाही.

खरी मजा शर्यत संपल्यावर. घडीच्या खुर्च्या टाकून सगळे म्हातारे गोल करून बसायचे आणि आठवणी निघायच्या. कुणाच्या इंजिनाने कोणत्या उन्हाळ्यात बारा सेकंदांच्या आत पट्टी मारली, कुणाचा पिस्टन शेवटच्या शंभर फुटांत फुटला, कुणी कोणता कार्बोरेटर लावला होता. वाद झाला की सगळ्यांच्या माना माझ्या नवऱ्याकडे वळायच्या. तो जे सांगेल ते शेवटचं. लिहून काही ठेवत नसे, सगळं डोक्यात.

या खेळात एक नियम आहे. गाडीत साधं पाणी घालायचं, पाणी गोठू न देणारं अँटीफ्रीझ चालत नाही. ते पट्टीवर सांडलं तर तेलासारखं निसरडं होतं आणि मागून येणारा मरतो. म्हणून सीझनभर इंजिनात नळाचं पाणी असतं, आणि ऑक्टोबरमधली शेवटची शर्यत झाली की ते काढून टाकावं लागतं. नुसता रेडिएटरचा नळ सोडून भागत नाही. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं ओतीव लोखंडाचं धड, त्याच्या दोन्ही बाजूंना खाली एकेक बूच असतं. गाडीखाली पाठीवर झोपून ती काढायची, गंजाचा गाळ अडकलेला असतो तो तारेने मोकळा करायचा, आणि मग गार पाणी बाहीतून थेट काखेपर्यंत. हे काम ज्याच्या घरी गाडी त्याचं, दुसऱ्याने त्यात हात घालायचा नाही. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं नवरा करायचा आणि मग दोन दिवस शिंकत बसायचा.

त्या वर्षी हिवाळा वाईट आला. जानेवारीत बागेतला नळ फुटला, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं तडकलं. मार्चमध्ये भावजी आले आणि दोघांनी गॅरेज उघडलं. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, ते इंजिनाच्या अंगातून बाहेर गळायला लागलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघंही वाकून बघत होते. ब्लॉकच्या कडेला वीतभर तडा होता, केसासारखा बारीक, आणि त्यातून पाणी पाझरत होतं. आत राहिलेल्या पाण्याचा बर्फ झाला होता आणि त्याने लोखंड फोडलं होतं.

नवरा सावकाश उभा राहिला. "तू म्हणाला होतास, या वर्षी मी काढतो."

भावजी त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. माझ्याकडून राहिलं."

त्यानंतर नवरा जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. तसा ब्लॉक आता मिळत नाही, तो मिळवायला या दोघांनी किती वर्षं घालवली होती हे मी पाहिलं होतं. भावजींनी हात पुसले. कोट घातला आणि स्टेशनवर चालत गेले. मला वाटलं, बरं झालं, ऐकायलाच हवं होतं त्यांना. दिवाळीला ईलिंगला जाणारा चकल्यांचा डबा त्या वर्षी गेला नाही. शर्यतीच्या क्लबातल्या एकाने फुटलेला ब्लॉक मागितला, त्यावर काच टाकून टेबल करायचं होतं म्हणे. त्याला मी दारातूनच परत पाठवलं.

पुढचं पहिल्यांदा दिसलं ते मुलीला. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्यासारखंच, कामापुरतं. "आई, बाबा मला सेम गोष्ट परत परत सांगितला. आणि तो सुपरमार्केटच्या कारपार्कमध्ये रडत होता, कार कुठे आहे ते माहीत नव्हती." मी तिला झिडकारलं. मग एके दिवशी तो गॅस चालू ठेवून अंघोळीला गेला आणि माझ्याकडे झिडकारायला काही उरलं नाही. स्मृतिभ्रंशाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कधी सुरू झालं? मी म्हणाले, या उन्हाळ्यापासून.

बातमी मुलीने भावजींना कळवली. ते दुसऱ्याच दिवशी आले. नवरा वर झोपला होता. माझ्या किचनमध्ये बसून त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की पाणी काढायचं त्यांचं कधी ठरलंच नव्हतं. "मी नोव्हेंबरमध्ये फोन केला होता, वहिनी. विचारलं, पाणी काढलंस? म्हणाला, काढलं, दोन्ही बाजूंचं. आणि मार्चमध्ये माझ्या तोंडावर म्हणतो, तू काढणार होतास. खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं. तो विसरतो असं कसं म्हणायचं? त्याला? म्हणून म्हटलं, माझंच राहिलं."

मी त्यांच्यावर ओरडले. इतकी, की वर पलंग करकरला. "कोणी सांगितला होता हा मोठेपणा? तेव्हाच बोलला असतात तर तेव्हाच डॉक्टरकडे गेलो असतो. वर्ष गेलं आमचं, भावजी! अख्खं वर्ष!" डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या की वर्षभर आधी येऊनही फारसा फरक पडला नसता. मला तेव्हा ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी ओरडलेच असते.

पण त्यांच्यावरचा डाग पुसायचा हे मी त्याच दिवशी ठरवलं. नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो हसला. "तुझ्याकडे येऊन रडला वाटतं. आणि तू विश्वास ठेवलास." मी पुन्हा सांगितलं, मुलीने सांगितलं. प्रत्येक वेळी तो नव्याने चिडायचा आणि प्रत्येक वेळी संध्याकाळपर्यंत आमचं सांगणं पुसलं जायचं. राग तेवढा राहायचा. त्याच्या आठवणीतून शर्यती गेल्या, क्लबातले म्हातारे गेले, मुलीचं नाव कधी सापडायचं कधी नाही, पण एका माणसाने पाणी काढलं नाही हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मला त्या आजाराचा इतका संताप दुसऱ्या कशाने आला नाही.

गेल्या महिन्यात भावजी पुन्हा आले. मीच बोलावलं. आता नवरा चिडला तरी चिडू दे, मला दोघांना एका खोलीत बघायचं होतं. भावजी काठी टेकत आले, पाठीत पार वाकलेले. नवऱ्याने उठून नमस्कार केला आणि बसायला सांगितलं. अनोळखी माणसाशी वागतात तसा, अगदी नीट.

"तुम्हाला इंजिनांची आवड आहे?" त्याने विचारलं.

"थोडीफार," भावजी म्हणाले.

"माझा एक मित्र होता. कार्बोरेटर नुसत्या कानाने लावायचा." नवऱ्याने बशीतलं बिस्किट उचललं. "त्याच्याकडून ब्लॉकमधलं पाणी काढायचं राहिलं."

"वाईट केलं त्याने."

"मुद्दाम नाही केलं. विसरला असेल. होतं माणसाचं." नवरा हातातल्या बिस्किटाकडे बघत होता. "मी फार बोललो त्याला. मग तो आलाच नाही."

इतकी वर्षं मी जे सांगून सांगून थकले, त्याच्या जवळपास तो आपल्या पायांनी येऊन उभा राहिला होता. मला राहवलं नाही. मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "अरे, हेच ते. बघ ना. हाच तुझा मित्र."

त्याने भावजींकडे पाहिलं. घाई न करता, काठीपासून कपाळापर्यंत. मग पाहुण्याला वाईट वाटू नये अशा बेताने मान हलवली.

"नाही गं," तो म्हणाला, "तो उंच होता."

भावजींनी कप बशीत ठेवला.

"हो," ते म्हणाले, "चांगला उंच होता."