आधी माझं बघा

विशाखाताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात मिश्री होती. बाथरूमचं दार आतून लावलेलं, बोट हिरडीवर, आणि बाहेरून सून हाका मारतेय की आई, कंधारहून फोन आहे, विशाखाताई गेल्या म्हणून. मला ओ देता येईना. थुंकले, चूळ भरली, वास जाईपर्यंत भरत राहिले आणि मग बाहेर आले. झोपेतच हृदय बंद पडलं होतं त्यांचं. आता आई कोसळणार म्हणून सून खुर्ची ओढून उभी होती. आणि खरं सांगू? चूळ भरताना माझ्या मनात पहिला शब्द आला तो... सुटले. दुसऱ्याच क्षणी स्वतःची किळस आली. रडू नंतर आलं, तेही खरंच होतं. पण आधी काय आलं ते मला विसरता येत नाही. याला आता दोन महिने होत आले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

मी कंधार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर जन्म काढला. आता नांदेडला मुलाकडे असते. विशाखाताई आमच्याच गावच्या उपकेंद्रात नर्स. माझ्या सासूबाई जुन्या वळणाच्या, त्यांनी ताईंना कधी ओसरीच्या आत घेतलं नाही. कारण काय, ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मग सासूबाईंच्या गालात फोड आली. उष्णतेची आहे म्हणत त्यांनी ती वर्षभर लपवली आणि दाखवली तेव्हा गाल आरपार गेला होता. लेकी नाकाला पदर लावून दारातूनच परत फिरायच्या. ताई मात्र एक दिवसाआड यायच्या, थेट माजघरात, आणि गप्पा मारत जखम धुवायच्या. पाजलेलं पाणी गालातून गळायचं... ते मी माझ्या हातांनी पुसलंय. मिश्रीनं काय होतं ते तेव्हा मला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. पहिल्या बाळंतपणात दाढ ठणकायची म्हणून मिश्री लावायला सासूबाईंनीच शिकवलं होतं, तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चोळून पूड करायची. त्यांना नेलं, घर धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याच डबीतली मिश्री लावली.

निवृत्तीनंतर ताईंनी मला त्यांच्या कामात ओढलं. लातूरच्या एका डॉक्टरांनी चार मित्रांना घेऊन एक निधी काढला होता. ज्या बाईला परवडत नाही तिच्या तोंडाची तपासणी, गरज पडली तर तुकडा काढून तपासणं, तिचं आणि सोबतच्या एकीचं गाडीभाडं, सगळं त्यातून व्हायचं. अट एकच, आधी गावात बसून बायकांना नीट समजावून सांगायचं. समजावायला मी, तपासायला ताई. खरं तर नांदेड जवळ, पण बायकांना लातूर बरं वाटायचं. नांदेडच्या दवाखान्यात कुणीतरी पाव्हणा भेटतोच आणि सांजच्याला गावभर होतं. फुकट म्हटल्यावर उड्या पडतील असं मला वाटलेलं. कसलं काय! जायला पैसे नाहीत, हे इतकी वर्षं बायकांच्या अंगावरचं पांघरूण होतं. ते आम्ही ओढून काढलं आणि खालची भीती उघडी पडली. दाखवलं नाही तोवर रोग नाही, असा सगळा हिशेब. कुणाला पिकातलं तण आठवायचं, कुणाच्या म्हशीचे दिवस भरलेले असायचे. ताई कधी चिडल्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "भ्या की, कोन न्हाई म्हनतंय? पन यष्टीत बसून भ्या."

त्यांची एक रीत होती. एखाद्या घराच्या पायरीवर उजेडात बसायचं आणि कुणाला काही विचारायच्या आधी स्वतःचंच तोंड उघडायचं. आधी माझं बघा, म्हणायच्या. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, मग एक धीट बाई वाकून बघायची, मग दुसरी. ताई, तुमची दाढ किडलीय की, असंही कुणी सांगायची. एका बाईनं दुसऱ्या बाईच्या तोंडात बघितलं की लाज मोडायची आणि मग त्या आपणहून आ करायच्या. मी बाजूला टॉर्च धरून उभी, मिश्रीनं काय होतं ते घडाघडा सांगत. सकाळी स्वतः लावून आलेली! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. टॉर्च धरणारीच्या तोंडात कुणी बघत नाही, हे मला फार सोयीचं होतं.

गेल्या थंडीत माझ्या डाव्या गालाला आतून काहीतरी लागायला लागलं. ठेचा झोंबायचा. एकदा आरशात बघितलं, पांढरा डाग होता, कडेला लालसर. मग आरशात बघणंच बंद केलं. मी उजवीकडून जेवायला शिकले. त्याच सुमारास एका गावात काम आटोपल्यावर ताई सहज म्हणाल्या, बाई, आता तुमचं बघू. माझ्या तोंडातून गोष्टच बाहेर पडली. अहो, डाग होता एक, नांदेडला दातांच्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनी तुकडा काढून तपासला, काही निघालं नाही. डागाचं का सांगितलं, देव जाणे. कदाचित त्यांनी पुढे विचारावं, हट्ट करावा, माझा जबडा धरून उघडावा असंच मला आतून वाटत असेल... पण त्यांनी विश्वास ठेवला. शाळेच्या बाई खोटं कशाला बोलतील? त्यांना इतका आनंद झाला की माझे दोन्ही हात धरून त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

आणि मग ती गोष्ट त्या गावोगाव सांगायला लागल्या. या आमच्या बाई बघा, यांच्याबी तोंडात डाग होता, यांनी तुकडा दिला, काय झालं? काय न्हाई निघालं. मी शेजारी उभी राहून मान हलवायची. ताईंना म्हणायचं असायचं की तुकडा द्यायला भिऊ नका. पण भ्यालेलं माणूस आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतं. असल्या डागानं काही होत नाही, एवढंच बायकांनी उचललं. ते मला फार उशिरा कळलं.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी कंधारला गेले. वंदना झाली, जेवणं झाली. तिथं गिरजा नावाच्या बाईला तिची बहीण माझ्यापुढे घेऊन आली. गिरजा चाळिशीची, रोजानं कामाला जाणारी. ताईंनी तिच्या गालातला डाग बघून लातूरची चिठ्ठी लिहून दिली होती. जायचं ठरलं आणि ताईच गेल्या. आता गिरजा जायला तयार नव्हती. बहीण काकुळतीला आली होती की बाई, तुम्ही तरी सांगा. गिरजा मात्र अगदी शांत होती. मला म्हणाली, "तुमचं काय निघालं, बाई? काय न्हाई. मग माझंबी तसंच आसंल."

समोर ताईंचा फोटो. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले आणि पळून आले, दुसरा शब्द नाही त्याला. पुढचे आठ दिवस मी कशी राहिले ते माझं मला माहीत. स्वतःची भीती तर होतीच, तिची सवय झाली होती. पण गिरजाच्या गालातून पाणी गळताना दिसायचं. भाजी निवडता निवडता दिसायचं, नातवाला पाढे सांगताना दिसायचं, आणि तिच्या तोंडून माझेच शब्द ऐकू यायचे की काही निघालं नाही. नवव्या दिवशी सकाळची गाडी धरून मी तिच्या गावी गेले. वाटेत दोनदा वाटलं की उतरावं आणि परत फिरावं.

गिरजा दारात शेंगा फोडत होती. मी तिच्याजवळ पायरीवर बसले, टॉर्च तिच्या हातात दिला आणि म्हणाले, आधी माझं बघ. तिला वाटलं बाई चेष्टा करतायत. मी आ केला. ती वाकली आणि बघतच राहिली. मी पायरीची कड धरून ठेवली होती. तिनं टॉर्च बंद केला.

"बाई, हे तर माझ्यापरीस मोठं हाय. डागदरनं ह्याला काय न्हाई म्हनलं व्हतं?"

मी सांगितलं की डॉक्टर नव्हताच, तुकडाही नव्हता, सगळं मी रचलं होतं. ती शिव्या देईल, उठून आत जाईल असं वाटलं. तिनं चार शेंगा फोडल्या.

"ताईला ठावं व्हतं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, उद्या किती वाजता निघायचं ते तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला गेलो. निधीच्या खिडकीवरच्या मुलीला ताई गेल्याचं माहीत नव्हतं, तिनं सिस्टर कुठायत म्हणून विचारलं. गिरजानंच सांगितलं. मुलीनं अर्ज पुढे केला आणि पेशंट कोण, सोबत कोण, असं विचारलं. गिरजा म्हणाली, दोघीबी पेशंट, दोघीबी सोबत, लिवा तसंच. डॉक्टरांनी दोघींचे तुकडे घेतले. गिरजाच्या गालाशी त्यांना थोडा वेळ लागला. माझ्या गालाशी त्यांना फार वेळ लागला आणि मध्येच त्यांचं बोलणं थांबलं.

गिरजाचा रिपोर्ट परवा आला. तूर्त घाबरण्यासारखं काही नाही. मिश्री सोडायची, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. मला फोन आला तो वेगळा. रिपोर्ट फोनवर सांगत नाही, मंगळवारी या, येताना घरचं कुणीतरी घेऊन या. या वाक्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको. कितीतरी बायकांच्या घरी हेच वाक्य मी आणि ताईंनी मिळून पोचवलंय, अगदी साध्या आवाजात, जसं काही बाजाराचा निरोप आहे. तरी मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात उलटसुलट करून बघते, की यातून दुसरा काही अर्थ निघतो का. जेवण जात नाही. ताईंवरचा हा लेख छापून येण्याआधी मुलाला सांगायला हवं. आज सांगेन, तो ऑफिसातून आला की... काल पण असंच ठरवलं होतं.

लोक म्हणतील, विशाखाताई असत्या तर यावेळी केवढा आधार झाला असता. मीही आधी तसंच लिहायला घेतलं होतं, मग खोडलं. त्या असत्या तर मी लातूरला गेलेच नसते. माझं खोटं त्यांच्या तोंडून गावोगाव ऐकत राहिले असते, मान हलवत राहिले असते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या शेजारी उभी राहून सासूबाईंच्या वाटेनं गेले असते. त्या गेल्या म्हणून मी तोंड उघडलं. वेळेत उघडलं की नाही, ते मंगळवारी कळेल.